मावशींच्या पाचशे रुपयांचा हिशेब



तीन वर्षांपूर्वी नाताळच्या अंकात आपण कारंजा तालुक्यातील वसतिगृहाच्या मुलांसाठी ब्लँकेट मागितली होती. तुम्ही भरभरून दिले. ब्लँकेट घेऊन झाल्यावरही बरीच रक्कम उरली. त्याच आठवड्यात आपली जीप आर्वीच्या रस्त्यावर बंद पडली, आणि ती उरलेली रक्कम मी खजिनदार म्हणून इंजिनच्या कामाला लावली. जीप बंद म्हणजे गोंड वस्त्यांवरचा दवाखाना बंद, म्हणून खर्च योग्यच होता. कमिटीने मंजुरी दिली, बिल फाइलला लागले, आणि मी ती गोष्ट विसरलो.

पुढच्या हंगामाच्या उपकारस्तुतीच्या रविवारी मंडळीतल्या एक वयस्क मावशी उपासनेनंतर माझ्याजवळ आल्या. त्या पेन्शनवर राहतात. त्यांनी सहज विचारले, "बाळा, माझ्या पाचशे रुपयांत किती ब्लँकेट आली रे?" मला उत्तर देता आले नाही. त्यांचे पैसे ब्लँकेटला गेले की इंजिनला, हे आमच्या वहीत कुठेच लिहिलेले नव्हते. मी चोरी केली नव्हती, तरी त्या दिवशी मान वर करून त्यांच्याकडे पाहणे जड गेले.

देणगी गोळा करताना संस्था काय चुकतात, यावर लिहा असे संपादकांनी सांगितले, तेव्हा मला हाच प्रसंग आठवला. मागायचे कसे हे सगळे शिकवतात. माझ्या अनुभवात चूक बहुधा मागण्यात नसते, पैसे हातात आल्यानंतर होते. देणाऱ्याने जो शब्द ऐकून दिले, तो शब्द आपण मनातल्या मनात बदलतो आणि त्याला कळवत नाही.

ही चूक फक्त लहान माणसांच्या हातून होते असे नाही. पंडिता रमाबाईंचेच पाहा. त्या 1886 मध्ये अमेरिकेला गेल्या आणि गावोगावी विधवांच्या शिक्षणासाठी बोलल्या. 1887 मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. तिची मंडळे ठिकठिकाणी निघाली आणि सभासदांनी वर्षाला निदान एक डॉलर, असे दहा वर्षे देण्याचे वचन दिले. लहान रक्कम, ठरलेली मुदत आणि पुष्कळ हात, असा तो पाया होता. त्यावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला गेले. पैसे देणाऱ्यांना आणि इथल्या पालकांना एकच शब्द दिलेला होता: सदनात धर्म शिकवला जाणार नाही.

रमाबाईंनी वर्गात धर्म शिकवला नाही. पण त्यांच्या स्वतःच्या प्रार्थनेच्या खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली तिथे येऊन बसू लागल्या. रमाबाईंना यात वचनभंग वाटला नाही, पुण्यातल्या पालकांना मात्र वाटला. 1893 मध्ये न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि कितीतरी मुलींना घरी नेण्यात आले. मी रमाबाईंच्या पायाशीही उभा राहण्याच्या लायकीचा नाही. तरी मला वाटते, चूक दार उघडे ठेवण्यात नव्हती. "धर्म शिकवणार नाही" या शब्दांचा अर्थ दोन्ही बाजूंनी वेगवेगळा धरला होता आणि तो आरंभी कोणी लिहून स्पष्ट केला नव्हता. पुढे त्यांनी केडगावला मुक्तिसदन काढले, तेव्हा ते ख्रिस्ती घर आहे हे उघड सांगितले आणि शारदा सदनाची व्यवस्था वेगळी ठेवली. दहा वर्षांची मुदत संपत आल्यावर 1898 मध्ये त्या अमेरिकेला जाऊन देणगीदारांपुढे स्वतः उभ्या राहिल्या.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. वचनाची मुदत संपणार हे ओळखून त्यांनी आधीच केडगावला जमीन घेऊन फळझाडे लावली होती, म्हणजे पुढे थोडे तरी उत्पन्न घरचे असेल. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात फिरून उपाशी मुली तिकडे नेल्या, तेव्हा त्यांना राहायला ती जागा तयार होती. आपला वर्धा जिल्हा त्या वेळी त्याच मध्य प्रांतात होता.

आपल्या वर्ध्यातूनच 7 नोव्हेंबर 1933 रोजी गांधीजींनी हरिजन दौरा सुरू केला आणि महिनोन्‌महिने देशभर फिरून निधी जमवला. हिशेबाचे हे वेड त्यांना नातालपासूनचे होते. तिथल्या काँग्रेसची प्रत्येक वर्गणी पावतीवर यावी असा त्यांचा कटाक्ष असे. संस्थेने कायम निधीच्या व्याजावर बसू नये, लोकांच्या दर वर्षीच्या आधारावर जगावे, असेही त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे. मला ते पूर्ण पटत नाही, कारण वसतिगृहाचे छप्पर गळायला लागले की वर्गणी गोळा होईपर्यंत पाऊस थांबत नाही. पण दर वर्षी लोकांसमोर जावे लागले की खजिनदार सरळ राहतो, हे मात्र खरे.

आणि पौल? यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली मदत त्याने एकट्याने हाताळली नाही. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू पाठवतो, कोणी दोष ठेवू नये म्हणून. प्रेषितालाही दुसरी सही लागत होती.

मावशींच्या प्रश्नानंतर आम्ही त्या वर्षीच्या सर्व दात्यांना पत्र लिहिले: उरलेली रक्कम जीपला लागली, तुमची हरकत असेल तर परत देऊ. दोघांनी परत मागितली, आम्ही दिली. बाकीच्यांनी होकार कळवला. एकाने तर जीपसाठी आणखी पाठवले आणि "आधी सांगितले असते तर आधीच दिले असते" असे लिहिले. आता पावतीवर "कशासाठी" असा रकाना आहे. "रक्कम जास्त जमल्यास वसतिगृहाच्या इतर गरजांसाठी वापरू" ही ओळ मागणीच्या पत्रातच छापतो. जीपच्या डिझेलसाठी, पगारासाठी पैसे मागायला आम्ही लाजत होतो, ते आता उघड मागतो.

फोटोंबाबतही एक चूक आम्ही केली. मागणीपत्रकावर एका मुलीचा फाटक्या फ्रॉकमधला फोटो छापला. तिच्या वडिलांनी तो पाहिला आणि म्हणाले, "साहेब, घरी चांगला फ्रॉक होता." तेव्हापासून घरच्यांना विचारल्याशिवाय फोटो छापत नाही.

काही व्यवहाराच्या गोष्टी, कारण दर अंकानंतर फोन येतात. ज्याला आपण सवयीने ८०जी म्हणतो ती करसवलत 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम चेकने किंवा बँकेतून द्यावी आणि सोबत पॅन कळवावा. कपडे, धान्य आनंदाने घेऊ, पण त्यावर सवलत नाही. परदेशातली मुले पैसे पाठवतात तेव्हा ती कोणत्या देशाची नागरिक आहेत हे आधी सांगा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या कमाईतून दिलेली देणगी विदेशी धरली जात नाही. ज्याने तिकडचे नागरिकत्व घेतले त्याची मात्र धरली जाते, आणि ती दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावी लागते. 2020 पासून असा पैसा दुसऱ्या संस्थेला देताही येत नाही, मग ती कितीही जवळची असो. "इकडेच टाका, नंतर बघू" असे कोणी म्हटले तर कृपया टाकू नका.

यंदाच्या ब्लँकेटचा हिशेब शेवटच्या पानावर आहे. मावशींना तो मी मागच्या रविवारी आधीच वाचून दाखवला. त्यांनी चष्मा काढून विचारले, "आणि उशा?"