अब्बांसाठी गळ निवडताना

गेल्या वर्षी बकरी ईदनंतर आठवड्याभराने अब्बांना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली. वेळेत दवाखान्यात पोचलो, अल्लाहने मेहेरबानी केली; दीड-दोन महिन्यांत पाय बराच सावरला, बोलणंही सुधारलं. उजव्या हाताची पकड मात्र परत येईना. व्यायामासाठी दिलेला स्पंजचा चेंडू त्यांनी चार दिवस दाबला आणि पाचव्या दिवशी नातवाला खेळायला देऊन टाकला. म्हणाले, "हाताला काम नाही, मग तो कशाला उठेल?"

अब्बा रेल्वेत पॉइंट्समन होते. सुरत-भुसावळ मार्गावरच्या आमच्या नरडाणा स्टेशनातच त्यांची बरीच नोकरी झाली. सुट्टीचा दिवस मात्र तापीचा. बांबूची काठी, तिच्या टोकाला बांधलेला तंगूस, मोरपिसाच्या दांडीचा तरंग, डब्यात गांडुळं किंवा शेंगदाण्याची पेंड घालून मळलेली कणीक. अम्मी कुरकुरायची आणि संध्याकाळी मसाला वाटायला बसायची.

हिवाळा लागला तेव्हा एक दिवस ते म्हणाले, "बेटा, मला एक गळ आणून दे."

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. पण गळ कसा निवडायचा, हे ना बीएडला शिकवलं, ना अब्बांनी कधी आम्हा मुलींना सांगितलं. मी शहरातल्या एका दुकानात गेले, "चांगला गळ द्या" म्हटलं, आणि दुकानदाराने एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा बारा फुटी रॉड हातात ठेवला. दिसायला झकास, आठशे रुपये. पहिल्याच दिवशी अंगणात अब्बांनी तो डाव्या हाताने उचलला तर टोक जमिनीला टेकलं. दुसऱ्या झटक्याला वरची कडी निखळली. अब्बा काही बोलले नाहीत, आत जाऊन पडून राहिले. ते न बोलणं मला लागलं.

रात्री मी माझ्या धाकट्या भावाला फोन केला. तो कॅनडात, ब्रिटिश कोलंबिया प्रांतात राहतो. त्याच्या घरापासून तासाभरावर व्हेडर नावाची नदी आहे, आणि तिथे तो हिवाळ्यात स्टीलहेड आणि पानगळीच्या दिवसांत सामन धरायला जातो. बापाचा नाद मुलात उतरला, फक्त नदी बदलली.

"आपा, तू लांबी बघून घेतलास. लांबी शेवटी बघायची," तो म्हणाला. मग तासभर त्याने जे समजावलं ते मी वहीत लिहून घेतलं.

आधी त्याच्या माशांबद्दल. सामन म्हणजे आपल्या बाजारात 'इंडियन सॅमन' म्हणून मिळणारा रावस नव्हे. दोघांचं काही नातं नाही. खरा सामन नदीत जन्मतो, समुद्रात मोठा होतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत चढतो. पॅसिफिक महासागरातल्या सामनच्या मुख्य जाती अंडी घातल्यावर मरतात. स्टीलहेड हा वेगळा मासाच नाही. तो समुद्रात जाऊन आलेला रेनबो ट्राउट. तो अंडी घालून पुन्हा समुद्रात परतू शकतो. आपल्याकडे असा समुद्रातून नदीत चढणारा मासा म्हणजे हिलसा. नर्मदेच्या मुखाशी, भरूचकडे तो प्रसिद्ध आहे.

या दोन माशांसाठी रॉड वेगवेगळे का लागतात, हे कळलं आणि माझं अर्धं काम झालं. स्टीलहेड थंड, नितळ पाण्यातला संशयी मासा. जाड तंगूस दिसला की फिरकत नाही. म्हणून तंगूस बारीक, ८ ते १२ पौंडांचा. आणि बारीक तंगूस तुटू नये म्हणून रॉड लवचीक, माशाचा हिसका स्वतः झेलणारा. लांबी साडेआठ ते साडेदहा फूट, कारण वाहत्या पाण्यावर तंगूस उचलून धरावा लागतो, नाहीतर प्रवाह तरंगाला ओढून नेतो. सामनमधली चिनूक ही जात दहा-दहा किलोंच्या पुढे जाते. तिला ताठ, जाड रॉड आणि १५-२० पौंडांचा किंवा त्याहून दणकट तंगूस. मासा कसा आहे, तंगूस किती सोसतो आणि पाणी कसं वाहतं, यावर रॉड ठरतो. दुकानातल्या चमकीवर नाही.

रॉडच्या मुठीच्या वर बारीक अक्षरांत हे सगळं छापलेलं असतं, मी ते वाचलंच नव्हतं. एक आकडा तंगूसाचा, पौंडांत. एक पौंड म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम. दुसरा आकडा आमिषाच्या आणि शिशाच्या वजनाचा, ग्रॅममध्ये किंवा औंसात. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. शिवाय लाइट, मीडियम, हेवी असा शब्द असतो. तो रॉडची ताकद सांगतो, म्हणजे वाकवायला किती जोर लागेल ते. कुठे वाकेल, ही निराळी गोष्ट. 'फास्ट' रॉड फक्त शेंड्याला वाकतो, 'स्लो' रॉड मुठीपर्यंत. मी आठवीच्या मुलांना विशेषण आणि क्रियाविशेषण यांतला फरक सांगते, तसाच हा घोळ आहे. लोक दोन्ही एकच समजतात.

मग मी विचारलं, अब्बांच्या हाताचं काय?

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आपा, तरफ आठव. सातवी-आठवीचं विज्ञान."

रॉड ही तरफच आहे. टोकाला माशाची ओढ, पुढचा हात टेकू, मागचा हात जोर. टोक टेकूपासून ३ मीटरवर असेल आणि दोन हातांत ३० सेंटिमीटर अंतर असेल, तर १ किलोच्या ओढीला मागच्या हाताने सुमारे १० किलोचा जोर द्यावा लागतो. काठी जितकी लांब तितका मासा भारी आणि माणूस हलका. म्हणून तो बारा फुटी रॉड अब्बांच्या हातून गळून पडला, त्यात त्यांचा काही दोष नव्हता. मात्र काठी लवचीक असेल तर ओढीखाली ती कमानीसारखी वाकते, टोक माणसाच्या जवळ येतं आणि तरफ आपोआप आखूड होते. मला आधी वाटत होतं, अशक्त माणसाला मजबूत, ताठ काठी हवी. खरं उलट आहे.

त्याने स्टीलहेडच्या रॉडमधली अजून एक गोष्ट दाखवली. रिळाच्या मागची मूठ कोपरापर्यंत लांब. ती हाताखाली दाबून धरली की भार मनगटावर न येता कोपरावर आणि अंगावर येतो. थंडीत दिवसभर उभं राहणाऱ्या लोकांनी ही सोय करून घेतली. आम्ही ठरवलं की त्याच्या रॉडची लांबी घ्यायची नाही, मूठ घ्यायची.

शेवटी जो रॉड आणला तो आठ फुटी, दोन तुकड्यांचा, मीडियम ताकदीचा, मध्यापासून वाकणारा, ८ ते १५ पौंडांच्या तंगूसाचा, मागे लांब मूठ असलेला. तापीत, सुलवाडे बॅरेजच्या वरच्या संथ पाण्यात, रोहू, कटला, मृगळ यांच्यासाठी एवढा पुष्कळ आहे. वाहतं पाणी नाही, म्हणून दहा फुटांची गरज नाही. हौस म्हणून महाशीरचं नाव काढणारे भेटतात. १८७३ साली हेन्री सुलिव्हन थॉमस या इंग्रज अधिकाऱ्याने 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहिलं, तेव्हापासून साहेब लोक महाशीरची बरोबरी सामनशी करत आले. पण तो खळाळत्या, खडकाळ पाण्याचा मासा आहे. त्याच्या नावाने महागडा रॉड घेऊन फुगवट्याच्या पाण्याशी बसण्यात अर्थ नाही.

दुकानात या वेळी मी दोन गोष्टी तपासल्या. पर्समधला कापूस प्रत्येक कडीतून फिरवला. कडीला बारीक तडा असेल तर कापसाचा तंतू अडकतो आणि तोच तडा पुढे तंगूस कापतो. दुकानदार हसला, तिसऱ्या रॉडच्या कडीत कापूस अडकला तेव्हा हसायचा थांबला. मग रॉडला रीळ लावून एका बोटावर तोलला. तोल रिळाच्या आसपास यावा. फार पुढे आला तर मनगट दिवसभर टोक उचलत राहतं.

रीळ साधं, स्पिनिंगचं. त्याचा दांडा बहुतेक डावीकडे असतो, पण स्क्रू काढून उजवीकडे बसवता येतो. आम्ही तो उजवीकडे बसवला. म्हणजे रॉड डाव्या, धड हातात आणि फिरवायचं काम उजव्या हाताला. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंना विचारून घेतलं; त्या म्हणाल्या, गोल फिरवणं चांगलं, हिसका मात्र नको. दांड्याची बारीक मूठ अब्बांच्या बोटांत थांबेना, म्हणून तिला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून लिंबाएवढी केली.

मासा ओढू लागला की रिळाने थोडा तंगूस सोडावा, यासाठी त्यावर एक चकती असते. ती किती आवळायची? तंगूसाच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतकी. १० पौंडांच्या तंगूसाला हे सव्वा किलोच्या आसपास येतं. घरगुती उपाय असा की तंगूसाला एक लिटर पाण्याने भरलेली बाटली बांधून लटकवायची. बाटली धरून राहायला हवी आणि वरून हलका हात दाबला की रिळाने सोडायला हवं. आमच्या स्वयंपाकघरात हा प्रयोग तीन वेळा झाला, फरशी दोनदा पुसावी लागली.

रॉड घरी आला तेव्हा अब्बांनी हातात घेतला, वाकवला आणि पहिला प्रश्न विचारला, "माल कसला आहे?"

मी म्हटलं, फायबर ग्लास. दुकानदार कार्बनचा घ्या म्हणत होता. तो हलका असतो, माशाचं नुसतं तोंड लागलं तरी हाताला कळतं. पण तो ठोकर लागली की तडकतो, म्हणून मी काचतंतूचाच घेतला. अब्बांनी मान हलवली. "कार्बनमधून करंट जातो. वर पंचवीस हजार व्होल्टची तार असते, बेटा. काठी टेकायलाही लागत नाही, नुसती जवळ गेली तरी बस." त्यांच्या नोकरीत या मार्गावर डिझेलची इंजिनं होती, वीज नंतर आली, पण रेल्वेचा माणूस तारेला विसरत नाही. वाचकांनी हे लक्षात ठेवावं. शेतांवरून, नदीकाठावरून जाणाऱ्या विजेच्या तारांखाली कोणताही रॉड उभा धरून चालू नये, कार्बनचा तर नाहीच. फायबर ग्लासही ओला असला की भरवशाचा नाही. तारांजवळ पोचण्याआधी तुकडे सुटे करून आडवे धरायचे.

बांबूला मात्र अब्बा अजून मानतात. आणि त्यांना माहीत नव्हतं ते मी त्यांना वाचून दाखवलं की एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत चिरलेल्या बांबूच्या कामट्या चिकटवून जे नामी रॉड बनत, त्यांचा बांबू कलकत्त्याहून जाई. चिनी बांबूने त्याची जागा नंतर घेतली. ते खूश झाले. "म्हणजे सामन आपल्याच काठीने धरला," म्हणाले.

नदीवर जाण्याआधी आणखी दोन कामं होती. धरणांच्या आणि बॅरेजच्या पाण्यात मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. तिथल्या भोई बांधवांचं पोट त्यावर आहे, म्हणून विचारून, परवानगी घेऊनच बसायचं. कॅनडात तर माझ्या भावाला लायसन घ्यावं लागतं, गळाच्या आकड्याला उलटा काटा चालत नाही, आणि नैसर्गिक स्टीलहेड सापडला तर सोडून द्यावा लागतो. हॅचरीत वाढवलेल्या माशाचा पाठीवरचा मागचा छोटा पर कापलेला असतो, तेवढाच घरी नेता येतो. दुसरं काम पाण्याची चौकशी. पावसाळ्यात वर हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की खाली तापी फुगते. त्या दिवसांत मासे अंड्यांवरही असतात. आम्ही पावसाळा सोडूनच दिला.

शाळेतल्या एका सहकारी बाईंनी विचारलं, नुसत्या मौजेसाठी मासे धरणं बरोबर का? सूरह माइदामध्ये पाण्यातली शिकार हलाल सांगितली आहे आणि माशाला जबह लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण जिवंत प्राण्याला खेळणं करू नये, हीही आपल्याला शिकवण आहे. अब्बांचा नियम जुनाच आहे. घरात लागेल तेवढा मासा ठेवायचा, लहान असेल तर आकडा अलगद काढून लगेच पाण्यात, आणि ठेवायचा तो पाण्याबाहेर तडफडत ठेवायचा नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी फजरनंतर आम्ही निघालो. मी, माझे मिस्टर, मुलगा आणि अब्बा. सोबत हातांची प्लास्टिकची खुर्ची, मुलासाठी आणि अब्बांसाठी लाइफ जॅकेट. अब्बांना जॅकेटचा राग आला, पण "घालणार नसाल तर गाडी वळवते" म्हटल्यावर घातलं. खुर्ची काठापासून चार हात मागे, सपाट जागी. समोर बाभळीचं दुबेळकं रोवलं, त्यावर रॉड टेकवला. गळ मुलाने फेकला. फेकणं अब्बांना अजून जमत नाही.

दोन तास काही झालं नाही. तिसऱ्या तासाला तरंग आडवा झाला, मग बुडाला. अब्बांनी मूठ कोपराखाली दाबली, रॉड कमानीसारखा वाकला, रीळ करकरलं. मी उजव्या हाताकडे बघत होते. बोटं रबरी मुठीवरून दोनदा निसटली. तिसऱ्यांदा बसली. अर्धा फेरा, थांबा, अर्धा फेरा, थांबा. मुलगा मदतीला पुढे झाला तर अब्बांनी "हट" म्हणून त्याला मागे सारलं.

मासा जाळीत आला तेव्हा दहा-बारा मिनिटं झाली असतील. रोहू, घरच्या काट्यावर एक किलो चारशे. कॅनडात मध्यरात्र होती तरी भावाला फोटो पाठवला, आणि त्याचा फोन लगेच आला. अब्बांनी रॉडची तारीफ केली नाही. म्हणाले, रीळ फार आवाज करतं, आणि पुढच्या रविवारी ती कणीक जरा घट्ट मळायला सांग.