आजीच्या ओव्या आणि पावणेचार जीबी

तर मंडळी, एरंडोलला आजीच्या अहिराणी ओव्या मी अर्धा तास शूट केल्या. फाइल झाली जवळपास पावणेचार जीबी! काका म्हणे, "फोन भरना, उडाव." थांबा ना काका!

साइज ठरते बिटरेटवर: सेकंदाला 17 मेगाबिट, गुणिले 1800 सेकंद, भागिले 8, म्हणजे 3,825 एमबी.

लॅपटॉपवर हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर घेतलं. एच.264 जाऊन 2013चं एच.265, रिझोल्यूशन तेच, आरएफ 22. हा आकडा वाढवला की फाइल घटते, चित्रही बिघडतं. आजी एका जागी बसलेली, मागे भिंत. न हलणारी भिंत कोडेक प्रत्येक फ्रेममध्ये नव्याने साठवत नाही. लग्नातल्या नाचाला एवढी बचत होत नाही, बरं का. आवाजाला हातच लावला नाही. ओव्या तर तिथेच आहेत, आणि त्याची जागा किती, थोडीशीच.

चॅटवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मूळ फाइल पेनड्राइव्हवर ठेवलीय, काकांपासून लांब.