हजर कुणापुढे?

सत्तेपुढे लाचारीने मान तुकवण्याच्या वृत्तीला दिल्लीची हिंदी ‘जी-हुजुरी’ म्हणते, मराठी ‘हुजरेगिरी’. या शब्दांचे मूळ मात्र लाजिरवाणे नाही. ‘हुजूर’ हा मूळचा अरबी शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. त्याचा अर्थ उपस्थिती, सान्निध्य. ‘हजर’ आणि ‘हजेरी’ हे त्याच धातूचे शब्द. ज्याच्या सान्निध्यात उभे राहायचे तो धनीच पुढे ‘हुजूर’ ठरला आणि त्याच्या सेवेस सदैव हजर असणारा ‘हुजऱ्या’.

पेशवाईत या शब्दाला प्रतिष्ठा होती. पुण्यातील मध्यवर्ती दप्तर ते ‘हुजूर दप्तर’, पेशव्यांची खास पागा ती ‘हुजूरपागा’. तेथील मुलींच्या शाळेने ते नाव आजही टिकवले आहे. हुजऱ्या ही तेव्हा चाकरी होती, शिवी नव्हती. शिवी ठरते ती चाकर नसलेला माणूस चाकरासारखा वागू लागला म्हणजे.

लोकशाहीत असे वागणे किती महाग पडते, हे १९७५ मध्ये दिसले. पंतप्रधान इंदिरा गांधी यांची लोकसभेवरील निवड अलाहाबाद उच्च न्यायालयाने १२ जूनला रद्द ठरवली. त्यावरील अपिलाची सर्वोच्च न्यायालयातील सुनावणी ११ ऑगस्टला व्हायची होती. तत्पूर्वीच, आणीबाणीत विरोधी नेते तुरुंगात असताना, पंतप्रधानांची निवड न्यायालयीन कक्षेबाहेर नेणारी ३९ वी घटनादुरुस्ती लोकसभेने ७ ऑगस्टला आणि राज्यसभेने दुसऱ्याच दिवशी मंजूर केली. तिच्यातील हा भाग घटनाबाह्य ठरवण्याचे काम नोव्हेंबरमध्ये न्यायालयाला करावे लागले. ते करण्याची पहिली संधी सत्ताधारी बाकांना होती.

१९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतराला लगाम घातला; त्याचबरोबर पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे सदस्यत्वही धोक्यात आणले. तेव्हापासून मौनाला कायद्याची सबब मिळाली. ती अपुरी आहे. पक्षादेश मताला बांधतो, वाणीला नाही. पक्षाच्या बैठकीत, स्थायी समितीत वा सभागृहातील चर्चेत प्रश्न विचारणाऱ्याचे सदस्यत्व केवळ त्या कारणाने जात नाही. गमावण्याची भीती असते ती पुढच्या उमेदवारीची, मंत्रिपदाची. तेथील मौन कायद्याने लादलेले नसते, स्वतःहून पत्करलेले असते.

अधिवेशनात खासदार रोज हजेरी नोंदवतात, ती मतदारांचे प्रतिनिधी म्हणून. ‘हजर’ आणि ‘हुजूर’ यांचे मूळ एकच असले, तरी आपण नेमके कुणापुढे हजर आहोत, हे प्रत्येक खासदाराला स्वतःच ठरवावे लागते.