कोळंबीची संरक्षणशक्ति व यकृतांतील परोपजीवी

रोहण्यासारख्या कपाशी-तुरीच्या मुलुखांत कोळंबीचा विषय पाहून कित्येक वाचक पान उलटतील. त्यांनीं क्षणभर थांबावें. आपण ज्यांस झिंगे म्हणतों, त्यांचींच समुद्रजातीचीं भावंडें पालघर, रायगडाकडे खाऱ्या जमिनींत तळीं बांधून पाळतात. आणि पुरता खुराक घालूनहि पीक कां भरत नाहीं, हा प्रश्न तेथील शेतकऱ्यासहि जाचतो.

सन २००९ मध्यें व्हेनामी कोळंबी पाळण्यास भारतांत अनुज्ञा मिळाली. त्याच वर्षीं थायलंडांत टायगर कोळंबींतील एका सूक्ष्म परोपजीवीचें नामकरण झालें: एन्टरोसायटोझून हेपॅटोपेनी, संक्षेपानें ई.एच.पी. पुढें तो व्हेनामींत शिरला व आपल्याकडेहि पोंचला.

बैलास जखम झाली म्हणजे जागा तापते, सुजते. ती शरीराच्या पहारेकऱ्यांची धांवपळच होय. कोळंबीच्या रक्तांत आपल्यासारखीं प्रतिपिंडें होत नाहींत. तिची मदार रक्तपेशींवर. त्या शत्रूस गिळतात. तो मोठा असल्यास वेढा घालून, काळें द्रव्य सोडून कोंडतात. कोळंबीच्या अंगावरील काळे डाग पुष्कळदां अशा लढाईचेच असतात.

ई.एच.पी. मात्र ह्या पहाऱ्यास चुकवितो. त्याचे बीजाणु खाद्याबरोबर पोटांत जातात आणि सूक्ष्म नळी फेंकून यकृताच्या पेशींत आपला अंश घुसवितात. तो पेशीच्या आंत वाढत असल्यामुळें रक्तपेशींची गर्दी तेथें बहुधा होत नाहीं, बाहेर चिन्हहि उमटत नाहीं. महसुली दप्तरांत आयुष्य गेलेल्या मजला तो नोंदींत नसलेल्या वहिवाटदारासारखा वाटतो: कागद स्वच्छ, पीक दुसऱ्याच्या खळ्यांत. अन्न पचविणारा व सांठविणारा अवयव हाच असल्यानें कोळंबी वाढत नाहीं, एकाच तळ्यांत लहानमोठी निघते. पेशी गळूं लागल्या म्हणजे विष्ठेचे पांढरे दोरे पाण्यावर तरंगूं शकतात, व्हिब्रिओ जंतूंस वाट मिळते. मग रक्तपेशी धांवतात. पण तोंवर यकृत पोखरलेलें असतें.

ह्यावर भरंवशाचें औषध नाहीं. बीज चपळ दिसलें म्हणून घेऊं नये, त्याची पी.सी.आर. चांचणी करवावी. पीक निघाल्यावर तळें वाळवून हेक्टरीं ६ टन कळीचा चुना १०-१२ सेंटिमीटर खोल नांगरावा, माती भिजवावी व आठवडाभर तशीच ठेवावी. मातीचा सामू १२ पर्यंत चढला पाहिजे. हवेंत पडून विरलेल्या जुन्या चुन्यानें तो चढत नाहीं. दर आठवड्यास जाळें टाकून वजन घ्यावें, तें खाद्याच्या हिशेबाशीं ताडावें, आणि तफावत वाढूं लागतांच यकृताचा नमुना चांचणीस पाठवावा.