चित्र विकलं म्हणजे नेमकं काय विकलं?

(या भागाचं लेखी रूप. अडखळे आणि मधेच वाजलेली कुकरची शिट्टी काढलीये, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)



मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा मेसेज आला. "ताई, तुम्ही दिवसभर चित्रं काढता आणि त्याचे पैसे मिळतात, किती भारी लाइफ आहे." वाचून आधी हसू आलं, मग मी गेल्या आठवड्याचा हिशोब मांडला. सोमवारी कागद फाडून मापात केले आणि तीन कुरिअर पॅक केले. मंगळवारी एका पुस्तकाच्या कव्हरमधली पात्राची शाल चौथ्यांदा बदलली. बुधवारी दोन बिलं पाठवली, एका जुन्या बिलाची आठवण करून दिली. गुरुवारी अप्पा बळवंत चौकात गेले, हवी ती शाई नव्हती, परत आले. खरंखुरं चित्र काढणं? सगळं मिळून साधारण अकरा तास. आठवड्यात.

तक्रार नाहीये ही. पण इलस्ट्रेटर आणि प्रिंटमेकर म्हणून स्वतंत्र काम करायचं मनात असेल, तर उरलेल्या तासांत काय चालतं ते कुणीतरी सांगायला हवं. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्याची किंमत मी मोजलीये.

माझं उत्पन्न दोन वाटांनी येतं. एक, दुसऱ्यांसाठी काढलेली चित्रं: पुस्तकं, दिवाळी अंक, पाकिटं, पोस्टर. दोन, माझे स्वतःचे छाप, म्हणजे लिनो कोरून हाताने काढलेली प्रिंट्स. बाहेरून दोन्ही 'चित्र विकणं'च दिसतं. पण पहिल्या वाटेवर आपण वापरायची परवानगी विकतो आणि दुसऱ्या वाटेवर एक शब्द विकतो. शब्द म्हणजे वचन. ते नंतर सांगते, आधी परवानगीचं.

सुरुवातीच्या वर्षात एका खाद्यपदार्थांच्या कंपनीने पाकिटासाठी चित्र मागितलं. जात्यावर दळणारी बाई, लिनोकटमध्ये. सहा हजार रुपये ठरले, व्हॉट्सअ‍ॅपवर. मी खूश. 'फायनल' नावाची फाइल पाठवली, पैसे आले, विषय संपला. आठ-नऊ महिन्यांनी मैत्रिणीने फोटो पाठवला: माझी जात्यावरची बाई कापडी पिशवीवर. मग मगवर. मग त्यांच्या दुकानाच्या अख्ख्या भिंतीवर, दहा फूट उंच. नाव कुठेच नाही.

मी तावातावाने वकिली करणाऱ्या एका मित्राकडे गेले. तो म्हणाला, "लिहून काय घेतलंयस?" मी फोन पुढे केला. त्यात होतं: 'मस्त झालंय, डन', आणि एक अंगठा.

मग त्याने मला कॉपीराइट कायदा समजावला. १९५७ चा कायदा आहे आपला. साधा नियम असा की चित्र ज्याने काढलं तो कॉपीराइटचा पहिला मालक. तुमच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं. इथपर्यंत सगळ्यांना साधारण माहीत असतं. पण कलम १७ मध्ये अपवाद आहेत. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून काढलेलं चित्र सहसा मालकाचं होतं, हा एक. दुसरा जास्त बोचरा आहे. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन केलेला फोटो, पेंटिंग, पोर्ट्रेट किंवा एन्ग्रेव्हिंग असेल आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक तो सांगणारा! आणि एन्ग्रेव्हिंगच्या व्याख्येत एचिंग, लिथोग्राफ, वुडकट, प्रिंट आणि तत्सम कामं येतात. म्हणजे मी अभिमानाने लिनोमध्ये कोरून दिलं, तिथेच बहुधा माझा पाय खड्ड्यात गेला. साध्या रेखाटनाला हा अपवाद लागतो का, यावर वकील वाद घालू शकतात. मला वाद घालायचा नव्हता, मला भाडं भरायचं होतं.

मात्र त्याच कायद्यात आपल्या बाजूच्या गोष्टीही आहेत, त्या लक्षात ठेवा. हक्क तुमच्याकडे असतील आणि तुम्ही ते दुसऱ्याला देताय, तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क दिल्यानंतरही 'हे काम माझं आहे' असं सांगण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे तुमच्याकडेच राहतो. त्या आधारावर मी कंपनीला पत्र लिहिलं. पैसे नाही मिळाले, पण पुढच्या पाकिटांवर कोपऱ्यात नाव आलं. मुंगीएवढं.

तेव्हापासून काम सुरू करण्याआधी मी एक मेल पाठवते. भारी इंग्रजी नाही, वकिली थाट नाही. साधारण असा: 'हे चित्र अमुक पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी आणि त्या पुस्तकाच्या जाहिरातीसाठी वापरता येईल. छापील आणि ई-बुक दोन्ही. मुदत पाच वर्षं. इतर कुठल्याही वस्तूवर वापरायचं असल्यास वेगळं ठरवू. कॉपीराइट माझ्याकडे राहील. कच्च्या रेखाटनात दोनदा बदल करून देईन, त्यापुढे प्रत्येक वेळी इतके रुपये. निम्मे पैसे आधी. काम मधेच रद्द झालं तर आधीचे पैसे परत मिळणार नाहीत. मान्य असल्यास कृपया उत्तरात तसं कळवा.' बस. 'मान्य' हा शब्द येईपर्यंत मी पेन्सिल उचलत नाही. मोठं काम असेल तर सहीचा करार, पण रोजच्या कामाला हा मेल पुरतो. एखादा चिडतो. जो या मेलवर चिडतो तो बिलावर जास्त चिडला असता, असा माझा अनुभव आहे.

'सगळे हक्क कायमचे द्या' म्हणणारेही भेटतात. द्यायला हरकत नाही, पण मग किंमत वेगळी. भाड्याने दिलेलं घर आणि विकलेलं घर यात जेवढा फरक, तेवढा.

बिलाचं एक सांगते आणि पुढे जाते. केंद्र सरकारच्या पोर्टलवर 'उद्यम' नोंदणी होते, फुकट असते, आधार आणि पॅनवर होते. आपल्यासारखी एकटी माणसं त्यात सूक्ष्म उद्योग म्हणून बसतात. फायदा असा की २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे काम घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात आणि ती मुदत ४५ दिवसांच्या पुढे ठरवताच येत नाही. लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. नोंदणी काम घेण्याआधी झालेली असावी, पैसे अडकल्यावर धावपळ करून उपयोग नाही. मी बिलाखाली उद्यम क्रमांक टाकते. एका ठिकाणी पाच महिने 'अकाउंट्सला सांगितलंय' चाललं होतं. मी कायद्याचा उल्लेख केलेला एक अत्यंत नम्र मेल पाठवला. सहाव्या दिवशी टीडीएस कापून पैसे जमा.

आता माझ्या लाडक्या भागाकडे येते.

लिनो म्हणजे लिनोलियम. जवसाचं तेल, बुचाची भुकटी वगैरे मिळून बनलेला थर, मागे गोणपाटासारखं कापड. मूळचा हा फरशीवर अंथरायचा माल, कलावाल्यांनी नंतर पळवला. थंडीत तो कडक होतो. डिसेंबरात मी तवा उतरवल्यावर कोमट ओट्यावर लिनो ठेवते, मग कोरणी लोण्यातून गेल्यासारखी जाते. एक नियम मात्र पाळायचाच: लिनो धरलेला हात कायम कोरणीच्या मागे. माझ्या डाव्या तर्जनीवर तीन टाक्यांची खूण आहे, तो नियम शिकल्याची.

जिथे कोरलं ते कोरं राहतं, जे उरलं ते छापलं जातं. आणि सगळं उलटं. माझ्या पहिल्या छापात मी झोकात 'पाऊस' असं कोरलं होतं, सरळ. छापल्यावर आरशात वाचायचा पाऊस निघाला.

मग शाई. काचेवर रोलरने पसरवायची. शाई जास्त असेल तर रोलर चिकट आवाज करतो, बरोबर झाली की बारीक सरसर येते, तव्यावर थेंब उडल्यासारखी. हे पुस्तकातून कळत नाही, कानाला लागतं. माझ्याकडे प्रेस नाही. ठशावर कागद ठेवून मागून स्टीलच्या डावाने घासते. आई अजून विचारते, आमटीचा डाव कुठे गेला. तळहाताएवढ्या छापाला दहा मिनिटं, ए३ आकाराला पाऊण तास आणि दुखरा खांदा. कागद मी पुष्कळदा शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा वापरते. मग वाळवण: दोरीवर चिमटे लावून, घरभर. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत वाळतात, जुलैत पुण्याची हवाच ओली असते, दहा दिवसही लागतात.

प्रत्येक छाप वाळला की खाली डावीकडे पेन्सिलने आकडा. ७/३० म्हणजे तीसपैकी सातवा. मधे नाव, उजवीकडे सही. पेनाने नाही, पेन्सिलनेच, ती कागदात बसते आणि उडत नाही.

हा आकडा म्हणजे मघाशी म्हटलेला शब्द. ३० लिहिलं म्हणजे या ठशाचे तीसच छाप विकणार. गंमत अशी की छपाईची कला जन्मली ती नेमकी उलट कारणासाठी, एकाचे अनेक करण्यासाठी. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि लक्ष्मी-सरस्वती घराघरांतल्या भिंतींवर पोचल्या. मूळचे बंगालचे आणि नंतर मुंबईत अंधेरीला राहिलेले चित्तप्रसाद लिनो कोरायचे. स्वस्त माध्यम, अनेक प्रती, साध्या माणसापर्यंत जाणारं. त्यामुळे मर्यादित प्रतींचा हा प्रकार मला कधीकधी थोडा शिष्टपणाचाही वाटतो. म्हणून मी पोस्टकार्डांवर आकडा टाकत नाही. ती पन्नास रुपयांना, हवी तेवढी. पण आकडा टाकला तर तो खरा.

दोन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. पलंगाखालच्या पेटीत ठेवलेल्या वाळलेल्या छापांना बुरशी लागली. बावीस छाप फेकले, प्रत्येकी अठराशेचे. त्याच महिन्यात घरमालकाने भाडं वाढवलं. आणि एका हॉटेलचा फोन. माझा 'मंडई, सकाळी सहा' नावाचा छाप त्यांनी कुणाच्या तरी घरी पाहिला होता, त्यांना तोच हवा होता. पंधरा खोल्यांसाठी पंधरा. चाळीस हजार, निम्मे लगेच.

त्या छापाची आवृत्ती तीसची, सगळी विकली गेलेली. ठसा मात्र घरात होता, धडधाकट. पंधरा छाप काढायला चार दिवस लागले असते. कळलं असतं का कुणाला? नसतं. कुठे नोंद होते, कोण तपासतं? 'दुसरी आवृत्ती' लिहून वेगळा आकडा टाकता येतो, तसं उघडपणे करणारेही आहेत. पण मी विकताना प्रत्येकाला तोंडाने सांगितलं होतं, एवढेच. अकरा नंबरचा छाप साताऱ्याच्या एका शिक्षिकेने दोन हप्त्यांत घेतला होता. दुसरा हप्ता देताना तिने विचारलं होतं, "म्हणजे हा आता फक्त तीस घरांत असणार ना?" मी हो म्हटलं होतं.

मी हॉटेलला कळवलं की तो छाप मिळणार नाही. मंडईवरच नवीन ठसा कोरून देते, दीड महिना द्या. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि नाही म्हणाले. उद्घाटन जवळ आलं होतं. चाळीस हजार गेले. त्या महिन्याचं भाडं मी भावाकडून उसने घेऊन भरलं, आणि त्याला कारण सांगितल्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून लक्षात आहे.

त्याच रात्री ठसा बाहेर काढला आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुलीसारख्या दोन रेघा मारल्या. ठसा रद्द करायची हीच पद्धत आहे. रेघा मारल्यावर एक छाप काढतात, पुरावा म्हणून. मी आवृत्ती संपताच करायला हवं होतं ते, आळस केला होता. आता तीसवा छाप विकला की त्याच आठवड्यात करते, आणि फुलीवाल्या छापाचा फोटो विकत घेणाऱ्या सगळ्यांना पाठवते. शिक्षिकाबाईंनी उत्तर पाठवलं, "अरेरे, किती छान होती ती भाजीवाली!"

पुढच्या भागात रिडक्शन प्रिंट. त्यात प्रत्येक रंगाला तोच लिनो आणखी कोरत जायचं असतं, शेवटच्या रंगापर्यंत ठशाचं फारसं काही उरतच नाही. रद्द करायची वेळच येत नाही. लिनोचा एक तुकडा, दोन कोरण्या आणि एक जुना डाव जमवून ठेवा. आणि हो, डाव घरात विचारून घ्या.