हात दिसेना अशा पाण्यात

मैत्रिणींनो, कपडे भिजवलेल्या बादलीत कधी कुडीची फिरकी पडली आहे तुमची? पाणी मळकट, वर साबणाचा फेस, तळ काही दिसत नाही. अशा वेळी आपण काय करतो? नजर भलतीकडेच असते आणि बोटं तळाशी सावकाश फिरतात. जोरात ढवळलं की फिरकी सापडायची ती आणखी लांब जाते, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

आता समजा, ती बादली तीस फूट खोल आहे, तळाशी तुम्ही स्वतःच आहात आणि पाठीवर हवेची टाकी बांधलेली आहे.

हे डोक्यात आलं ते माझ्या भाचीमुळे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ताईकडची मंडळी मालवण-तारकर्लीला गेली होती. तिथे भाचीने स्कूबा केलं. शिकवणारा पाठीशी धरून खाली नेतो, रंगीत मासे दाखवतो, फोटो काढतो आणि वर आणतो. इथवर ताईची काही तक्रार नव्हती. पण परत आल्यावर पोरीनं जाहीर केलं, "मला नीट शिकायचंय. आणि मासे बघायला नाही, तळ्यात, धरणात, गढूळ पाण्यात शोध घेतात ना, तसलं काम शिकायचंय." झालं! ताई बोरिवलीहून तडक वर्सोव्याला माझ्याकडे. "तू पाण्याकाठी राहतेस, तूच समजाव हिला." सासर समुद्राकाठी मिळालं की बाई आपोआप जाणकार होते, असा ताईचा समज आहे!

मी त्या दोघींना मढला जाणारी होडी सुटते त्या धक्क्यावर घेऊन गेले. ओहोटी होती. खाडीचं पाणी दूध कमी पडलेल्या चहासारखं. काठावरची पायरी पाण्यात शिरली की तिच्याखालची दुसरी दिसत नाही. "बघ, ह्यात उतरायचं?" मी म्हटलं. भाची म्हणाली, "मावशी, हे तर भरती-ओहोटीनं हललेलं तरी असतं. तळ्याचं पाणी शांत असतं, ते जास्त फसवं."

पोरीचं म्हणणं खरं होतं, हे मला नंतर वाचता-विचारताना कळलं. तळ्याच्या बुडाशी पिठासारखा बारीक गाळ साचलेला असतो. पायातल्या पंख्याचा एक फटका चुकीचा बसला, की परातीत पीठ उडावं तसा तो उठतो आणि लवकर खाली बसत नाही. मग विजेरी लावूनही उपयोग होत नाही. खंडाळ्याच्या घाटात धुकं असताना गाडीचा मोठा दिवा लावला, की समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते ना, तसंच. वरचं पाणी कोमट आणि थोडं खाली गेलं की एकदम गार, हाही तळ्याचाच स्वभाव. शिवाय गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असल्यामुळे माणूस त्यात कमी तरंगतो. म्हणून समुद्रात कमरेला जेवढी शिशाची वजनं बांधतात, तेवढी इथे चालत नाहीत.

सगळ्यात घाबरवणारी गोष्ट वेगळीच आहे. काहीच दिसेनासं झालं, की वर कुठे आणि खाली कुठे हेच कळत नाही. तेव्हा पाणबुड्या आपल्या श्वासाचे बुडबुडे हाताला कुठल्या बाजूने लागतात ते बघतो. बुडबुडे जातात ती वरची बाजू! किती साधी युक्ती, पण घाबरलेल्याला ती आठवायला हवी ना.

आणखी एक. आपण सर्रास "ऑक्सिजनची टाकी" म्हणतो. ते चूक. साध्या स्कूबाच्या टाकीत दाबून भरलेली आपली नेहमीचीच हवा असते. जॅक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोन फ्रेंच माणसांनी १९४३ मध्ये, हवा मागावी तेवढीच देणारं यंत्र बनवलं आणि तिथून हे सगळं सुरू झालं. दहा मीटर खाली पाण्याचा दाब वरच्या हवेच्या दुप्पट होतो. तिथे छातीभर घेतलेला श्वास कोंडून कुणी वर आलं, तर तीच हवा दुपटीने फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. म्हणून श्वास कधी रोखायचा नाही आणि वर यायचं ते सावकाश. घाबरलेला माणूस नेमकं उलटं करतो.

हे सगळं ऐकून ताईचा चेहरा आणखीच उतरला. "मग करायचंच कशाला?" ती म्हणाली.

भाचीने उत्तर दिलं, "आई, सावित्री नदी आठवते?"

ताई गप्प झाली. तिचं सासर राजापूरकडचं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ मुंबई-गोवा रस्त्यावरचा इंग्रजांच्या वेळचा दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एस.टी. गाड्या वाहून गेल्या. एक जयगड-मुंबई, दुसरी राजापूर-बोरिवली. ह्या दुसऱ्या गाडीने ताई किती वेळा गेली-आली असेल! नदी लाल, फुगलेली, त्यात मगरी. क्रेनला जड लोहचुंबक बांधून पाण्यात सोडलं, गाड्यांचा लोखंडी सांगाडा कुठे चिकटतो का बघायला. नौदलाचे पाणबुडे, तटरक्षक दल, आपत्तीत धावून जाणारी पथकं, सगळी तिथे राबत होती. पहिल्या गाडीचा सांगाडा हाती लागला तो ११ ऑगस्टला. तोवर काठावर बसलेल्या घरच्या माणसांना धड रडताही येत नव्हतं. आपलं माणूस गेलं हे कळणं वेगळं आणि ते हाती लागणं वेगळं, हे बायकांना मी काय सांगू?

अशा पाण्यात पाणबुड्याचे डोळे म्हणजे त्याचे हात. एका हातात दोर, दुसरा हात तळावरून फिरता. दोराचं दुसरं टोक काठावरच्या माणसाकडे असतं. खालच्याला दिशा कळत नाही, ती काठावरचा ठरवतो. तो दोर थोडाथोडा आवळत किंवा सोडत नेतो आणि खालचा माणूस अर्धवर्तुळात तळ चाचपत जातो. किती झटके म्हणजे "ठीक आहे" आणि किती म्हणजे "वर काढा", हे उतरण्याआधीच पक्कं केलेलं असतं. वेळही काठावरचाच मोजतो, कारण खाली घड्याळ डोळ्यांच्या काचेला चिकटवलं तरी दिसेल याचा भरवसा नाही. हवा निम्म्याहून बरीच शिल्लक असतानाच परत फिरायचं. आणि सुरी नाहीतर कात्री, हाताला लगेच सापडेल अशी.

सुरी कशाला, हे मला आमच्या मासळीवाल्या मावशींनी समजावलं. नायलॉनचं जुनं जाळं पाण्यात दिसत नाही आणि ओढलं की जास्त आवळतं. अडकलं की हिसके द्यायचे नाहीत, थांबायचं, कापायचं.

तुमच्या घरात असा हट्ट निघाला तर नुसतं "नाही" म्हणू नका. पण "हो" म्हणण्याआधी चार प्रश्न विचारा. पर्यटनातली एक बुडी म्हणजे शिक्षण नव्हे. आधी स्वच्छ पाण्यातला पूर्ण अभ्यासक्रम झाला आहे का? कानाची, सायनसची, दम्याची तपासणी झाली का? सर्दी असताना उतरायचं नाही. दिवस गेलेल्या बाईने तर हे अजिबात करू नये. घाण पाण्यातून लेप्टोचा धोका असतो, तेव्हा जखमेवर पाणी लागता कामा नये आणि वर आल्यावर साबण लावून आंघोळ हवीच. आणि पवई तलावाचं नाव कुणी मौजेखातर काढलं तर कान धरा. तिथे मगरी आहेत.

ताईने अजून होकार दिलेला नाही. मात्र परवा मी बोरिवलीला गेले, तर दिवाणखान्यातली खुर्च्या-टेबलं बाजूला सारलेली. भाचीच्या डोळ्यांवर काळा कागद चिकटवलेला पाण्यातला चष्मा. अशा आंधळ्या चष्म्याने खरे पाणबुडेही सराव करतात म्हणे. ती फरशीवर पोटावर सरकत ताईचं हरवलेलं पैंजण शोधत होती. कमरेला वाळत घालायची दोरी आणि दोरीचं दुसरं टोक ताईच्या हातात.

"डावीकडे जास्त गेलीस," ताई म्हणाली आणि तिने दोरीला दोन झटके दिले.