तार आली!

पूर्वी पोस्टाचा शिपाई तार घेऊन गावात आला, की बायाबापड्यांच्या छातीत धस्स व्हायचे. सातारा-सांगलीकडची पुष्कळ घरे पलटणीत पोरे धाडणारी. साताऱ्याजवळच्या एका गावाला तर 'अपशिंगे मिलिटरी' असेच म्हणतात. अशा घरी तार आली, की फोडण्याआधीच रडारड सुरू!

मी तेव्हा मास्तर होतो. तार बहुधा इंग्रजीत असे. ती वाचायला मला बोलवीत. एकदा एका घरी गेलो. अंगण माणसांनी भरलेले. म्हातारी ऊर बडवीत होती. मी तार वाचली आणि म्हणालो, "आजी, रडू नका. पोरगा रजेवर येतोय."

म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "मास्तर, मला वाचाया येत असतं, तर कशाला रडले असते?"

ही तार चाले कशी? दोन गावांमध्ये खांबांवरून तार ओढलेली असे. तारमास्तर खटका दाबी. तारेतून वीज जाई. दुसऱ्या टोकाला 'कट्ट' असा आवाज होई. खटका थोडा दाबला तर लहान खूण, जास्त दाबला तर लांब खूण. एक लहान आणि एक लांब मिळून इंग्रजी 'ए' अक्षर होई. अशी अक्षरे जुळवून निरोप बने.

आपल्या देशात पहिली तार १८५० साली कलकत्त्याजवळ टाकली. त्याआधी बातमी माणसाच्या किंवा घोड्याच्या पायांनी जाई. आता ती घटकेत पोचू लागली. बाजारभाव कळू लागले. सरकारचा हातही लांब झाला. कुठे गडबड झाली, की लगेच फौज निघे.

हे आपल्या लोकांनी ओळखले. १९४२ च्या चळवळीत सातारा जिल्ह्यात तारा तोडल्या गेल्या. तेव्हा आजच्या सांगलीचा बराच भाग साताऱ्यातच होता. तार तुटली, की पोलिसांना खबर उशिरा मिळे. याच मुलखात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले.

जुलै २०१३ मध्ये सरकारने तारसेवा बंद केली. आता निरोप खिशातल्या फोनवर येतो. पण निरोप खरा की खोटा, हे फोन सांगत नाही. म्हणून कुणी काही सांगितले, तरी आधी आपण स्वतः वाचावे. कुणी धाडले ते पाहावे. मगच रडावे, हसावे, किंवा पुढे सांगावे.

त्या म्हातारीला वाचता येत नव्हते. तुम्हाला आता येते.